घरची संध्याकाळची प्रार्थना : तुमच्याकडे अजून होते का?

वडगावशेरीची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले, आता वडगाव शेरीत. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे रात्री जेवणाआधी घरची प्रार्थना असते. पद्धत साधी. एक गीत, थोडं शास्त्रवाचन म्हणजे बायबलचं वाचन, मग ज्याला सुचेल त्याने प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पंधरा-वीस मिनिटांत ताटं वाढायला मोकळे. पण गेल्या वर्षभरात हे मोडत चाललंय. नवरा चाकणहून येतो तोवर साडेनऊ होतात, कधी दहा. मुलगा बारावीला आहे, क्लासहून आला की ताट घेऊन खोलीत जातो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाक आणि वह्यांचा गठ्ठा. सासूबाईंना मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणजे वाचन दुसऱ्या कुणीतरी करायचं. मुलगा इंग्रजी माध्यमाचा. मराठी बोलतो फर्डं, पण शास्त्रातलं लांबलचक वाक्य आलं की अडखळतो आणि मग चिडतो.

परवा म्हणाला, "आई, मी मनात करतो ना प्रार्थना. येशूनेच सांगितलंय, खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर." मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन त्याने मलाच ऐकवलं!

मला वाटतं ते असं. एकट्याने केलेली प्रार्थना आणि घरात मिळून केलेली प्रार्थना या दोन्ही लागतात, एकीने दुसरीची भरपाई होत नाही. सकाळी ज्याच्यावर ओरडले त्याच्याच शेजारी बसून "आमच्या ऋण्यांना आम्ही सोडलंय तसं तू आम्हाला सोड" असं म्हणायचं, हे चर्चमध्ये सोपं जातं, घरात जड जातं. जड जातं म्हणूनच ते घरात व्हावंसं वाटतं. पण हाताला धरून बसवलेला मुलगा कसली प्रार्थना करणार, हाही प्रश्न आहेच.

तुमच्या घरी काय होतं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

नगरी_बाणा

अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात ताई.

माझं लहानपण श्रीरामपूरकडे गेलं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. कंदिलाची काच राखेने पुसून ठेवायचं काम माझं, टाळ काढून ठेवायचे ते बहिणीचं. वडिलांची प्रार्थना लांब. आधी गावातली आजारी माणसं नावानिशी, मग पाऊस, मग विहिरीचं पाणी, मग देशाचे राज्यकर्ते. धाकटा भाऊ राज्यकर्त्यांपर्यंत कधीच जागा राहिला नाही. पण "आमेन" आलं की सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच!

आता मी हडपसरला, तो जालन्याला. रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरं मिळून प्रार्थना करतो. राज्यकर्त्यांपर्यंत तो आता जागा असतो.

मृण्मयी_क

वाचतेय. छान धागा.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, पाळ्या फिरत्या. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी बसायचं हे आमच्या घरात शक्यच नाही. नवरा सुरक्षारक्षक, त्याचीही पाळी. आम्ही दोघं एकत्र जेवलो तर तोच सण.

माझी प्रार्थना ओव्हर घ्यायच्या, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड ताब्यात घ्यायच्या आधी सिंकपाशी होते. हात कोपरापर्यंत धुवायला जो वेळ लागतो तेवढ्यात बेड नंबराप्रमाणे एकेकाचं नाव घेते. पहाटे चारच्या सुमारास वॉर्ड जरा निवांत असतो. कुणाचं सलाईन संपत आलंय ते बघत फिरते तेव्हा परत तीच नावं. एकदा एका आजोबांनी पकडलं. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी करणारे. "सिस्टर, ओठ हलतायत, काय पुटपुटताय?" मी म्हटलं, तुमची सगळ्यांची नावं देवाच्या कानावर घालतेय. तर म्हणाले, "मग माझ्या म्हातारीचंही घाला. ती घरी एकटीच आहे." दुसऱ्या रात्री मी ताप बघायला गेले तर काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, "घातलंत का?"

त्यामुळे ताई, तुमच्या मुलाचं मला पटतं. मनातली प्रार्थना ही कमअस्सल नसते.

जन्माने_ख्रिस्ती

थोडा वेगळा सूर लावतो. राग मानू नये.

आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना रोज व्हायची, एकही दिवस चुकायची नाही, आणि ती वडिलांची कचेरी असायची. देवाला सांगायच्या निमित्ताने आम्हाला सुनावलं जायचं. "हे प्रभो, या मुलाला खोटं न बोलण्याची बुद्धी दे." "हे प्रभो, या घरातल्या बाईला काटकसर शिकव." सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, उत्तर द्यायची सोय नाही. आई डोळे मिटूनच रडायची, मी बोटांच्या फटीतून बघायचो.

आज मी चर्चला जात नाही. कारणं इतरही आहेत, पण सुरुवात त्या सतरंजीवर झाली. बारावीच्या मुलाला बळजबरीने बसवू नका, एवढीच कळकळीची विनंती.

मृण्मयी_क

@जन्माने_ख्रिस्ती, वाचून पोटात तुटलं.

फातिमानगरचा

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे जपमाळ. मे आणि ऑक्टोबर हे तिचे खास महिने. ऑक्टोबरात आमच्या भागात मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते, ज्याच्या घरी मुक्काम त्याच्याकडे संध्याकाळी सगळे शेजारी जमतात.

वाचनाच्या अडचणीवर आमचा अनुभव उपयोगी पडेल. जपमाळेत वाचावं लागत नाही, सगळं तोंडपाठ. पाच भाग असतात, एकेकाने एकेक चालवायचा. माझ्या आईला आता काल काय जेवली ते आठवत नाही, पण "नमो मरिया" सुरू केलं की पुढचं तिच्या तोंडून आपोआप येतं, नातवाच्या बरोबरीने. तुम्ही प्रोटेस्टंट मंडळी जपमाळ करणार नाही हे ठाऊक आहे, पण स्तोत्रं पाठ करता येतीलच की. तेविसावं स्तोत्र सहा वचनांचं. सासूबाईंना ते पाठ असणार, मुलाला त्यांच्याकडूनच शिकू द्या.

अवांतर: आमचं घराणं मूळ क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चचं. ते १७९२ सालचं, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे. पुण्यात "तुम्ही ख्रिस्ती म्हणजे गोव्याचे का" असं विचारणाऱ्यांना मी हे साल आवर्जून सांगतो.

सदाशिवपेठी

ख्रिस्ती नसलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती, मग रामरक्षा, मग परवचा. आजोबा झोपाळ्यावर, आम्ही भावंडं खाली मांडी घालून. आता दिवा मी लावतो आणि रामरक्षाही मी एकटाच म्हणतो. मुलगी पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली असते. वडगावशेरीताई, नाव बदललं तर तुमचा धागा माझ्याही घरचा आहे.

एक विचारतो. इतिहासात वाचलेलं पंचहौद चहाचं प्रकरण हे गुरुवार पेठेतल्या चर्चचंच ना?

गुरुवारपेठी

हो, तेच आवार. आमचं पवित्र नाम देवालय. १८८५ सालचं चर्च आणि शेजारी घंटांचा उंच मनोरा, पेठेत कुठूनही दिसायचा, आता इमारतींमुळे शोधावा लागतो.

१८९० साली मिशनने शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, आणखीही बरेच. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप पुढ्यात ठेवला. मग गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं.

लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचे. मोठेपणी मात्र मला एक गोष्ट जाणवत राहते. त्या काळी एखाद्याच्या घरचं काही तोंडात घालणं ही केवढी मोठी जोखीम होती, आणि आज माझ्या चाळीतल्या काकू नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे करंज्या लाटायला येतात. साटा त्यांच्या हातचाच लागतो. हा बदल मला देवाची करणी वाटतो.

हडपसरी_मिसळ

रविवारी सकाळच्या उपासनेनंतर अजूनही चहा असतो का? असल्यास येतो. नावं छापली तरी चालतील. :)

गुरुवारपेठी

असतो, बिस्किटांसकट. जरूर या.

पेटीवाला

धागा प्रार्थनेवर आहे आणि गाण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून पेटी पुढे ओढतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ते तुकोबांना सोडून आले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी पोचलो असं ते म्हणत. म्हणून तर आमच्या गीतांच्या पुस्तकात अभंग आहेत, ओव्या आहेत आणि ते टाळ-मृदंगावर रंगतात. माझ्या आजोबांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण भजनं शंभराच्या वर पाठ. त्यांचं सगळं धर्मशास्त्र त्या भजनांत होतं. उपदेश विसरायचे, भजन कधी विसरले नाहीत.

ताई, वाचनापासून सुरुवात करू नका, गाण्यापासून करा. एक भजन, दोन कडवी. दारातून आत आलेला माणूस बूट काढता काढता धृपदाला सूर मिसळतो. वाचन चालू असलं तर तोच माणूस पाय न वाजवता आत जातो. मुलाला गिटार येत असेल तर वाजवू द्या.

कॅम्पातली

@पेटीवाला, गाण्याचं पटलं, गिटारचं नाही. आमच्या इथे तरुणांनी की-बोर्ड आणि ड्रम आणले तेव्हा सगळे खूश. आता वादक आला नाही तर गाणीच होत नाहीत. घरात तरी वाद्यावाचून अडू नये.

पेटीवाला

हे मान्य. टाळ्या आहेतच.

निवृत्त_मास्तर

चिरंजीवांनी जे वचन ऐकवलं त्याचा आगापिछा बघायला हवा. येशू तिथे चव्हाट्यावर, लोकांनी बघावं म्हणून उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल बोलतोय. त्याचा रोख देखाव्यावर आहे. मिळून प्रार्थना करायला त्याची मनाई नाही.

मिळून केलेल्या प्रार्थनेचा माझा आवडता प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात आहे. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात. योहान मार्काच्या आईच्या घरी पुष्कळ जण जमून त्याच्यासाठी प्रार्थना करतायत. तिकडे देवदूत त्याला सोडवतो आणि तो त्याच घराचं दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत जाते आणि सांगते, पेत्र आलाय! तर आत प्रार्थना करत बसलेली मंडळी म्हणतात, तू वेडी आहेस. ज्यासाठी रात्रभर गुडघे टेकले तेच दारात उभं आणि कुणाचा विश्वास नाही! पेत्र आपला बाहेर ठोठावतोय. अशी चुकतमाकत, अर्ध्या विश्वासाने केलेली घरची प्रार्थनाही देवाने ऐकली. मोठमोठ्या उपदेशांपेक्षा मला या प्रसंगाने जास्त आधार दिलाय.

आपल्या पुण्याच्या वाटेवरचंही उदाहरण आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं. दुष्काळात सापडलेल्या, टाकलेल्या बायका-मुली तिथे आल्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं. खिळे जुळवायला त्याच बायका. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली आला. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नव्हतं त्यांना शास्त्र वाचता यावं यासाठी एका बाईने आयुष्य वेचलं, आणि आपल्या मुलांना देवनागरी जड जाते. मी दोष देत नाही, शाळा आपणच निवडल्या. पण रोज चार ओळी मोठ्याने वाचल्या तर दोन महिन्यांत जीभ वळते. आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलंय, त्या भरवशावर सांगतो.

कोंढव्याची_आजी

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना हिच्याबद्दल सांगतात की घरात पोरांचा गोतावळा, निवांत कोपरा नाही, म्हणून ती स्वयंपाकाचा एप्रनच डोक्यावरून ओढून घ्यायची. पोरांना कळायचं, आई आता देवाशी बोलतेय, गडबड करायची नाही. आमची आई तेच पदराने करायची, चुलीपुढे. तिला सुझॅना कोण हे माहीतही नव्हतं.

खोलीचं दार लावायला आधी खोली लागते हो. आमच्या दहा बाय बाराच्या घरात एकांत असाच करून घ्यावा लागायचा.

बारावीवाला

मी पिंपरीचा, ख्रिस्ती, बारावी सायन्स. इथे वयाने सगळ्यात लहान बहुतेक मीच असेन, पण ताईंच्या मुलाच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे.

मला प्रार्थनेचा कंटाळा येत नाही. प्रार्थना संपल्या संपल्या "टेस्टचे मार्क आले का?" येतं त्याचा येतो. "आमेन" आणि ते वाक्य यांच्यामध्ये श्वास घ्यायला तरी वेळ द्या. दुसरं म्हणजे मोठ्याने प्रार्थना करायची तर सगळे ऐकत असतात. मला परीक्षेची भीती वाटते, रात्री झोप लागत नाही, हे मी देवाला सांगू शकतो. आईसमोर सांगितलं तर आईलाही झोप लागणार नाही. मग मी "सर्व विद्यार्थ्यांना आशीर्वाद दे" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा मनातली खरी असते.

वाचनाचं म्हणाल तर अध्याय आदल्या दिवशी सांगा. मी आधी एकदा नजर फिरवून ठेवतो, मग अडखळत नाही. सगळ्यांसमोर अचानक पुस्तक हातात दिलं की कुणीही चिडेल.

रात्रपाळी

@बारावीवाला, शाबास रे. आणि झोप लागत नाही हे घरी सांग बाळा. आईला वाटतं त्यापेक्षा जास्त सोसतं.

मृण्मयी_क

या धाग्यातला सगळ्यात आवडलेला प्रतिसाद. +१

वडगावशेरीची

सगळ्यांचे मनापासून आभार. बारावीवाल्याचा प्रतिसाद मी मुलाला दाखवला. तो काही बोलला नाही, पण फोन परत द्यायच्या आधी पुन्हा एकदा वाचला.

काल नवऱ्याशी आणि सासूबाईंशी सविस्तर बोलले. जन्माने_ख्रिस्ती, तुमचं वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. म्हणून पहिलं हेच ठरवलं की प्रार्थनेत घरातल्या कुणाच्या वागण्याबद्दल देवाकडे गाऱ्हाणं घालायचं नाही. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी सरळ बोलायचं. प्रार्थना झाल्यावर मार्कांचा विषय काढायचा नाही. मोठ्याने बोलायची कुणावर सक्ती नाही, नुसतं शेजारी बसलं तरी चालेल. आणि साडेनऊची वाट बघायची नाही, जे घरात असतील त्यांनी बसायचं. नवरा म्हणाला, मी कंपनीच्या बसमध्ये त्याच वेळी डोळे मिटेन.

सासूबाईंना फातिमानगरच्या भाऊंची कल्पना फार आवडली. त्यांना तेविसावंच काय, एकशे एकविसावंही पाठ निघालं. आम्हाला इतकी वर्षं पत्ता नव्हता.

कॅम्पातली

सगळं छान, पण एक सांगते. "जे असतील त्यांनी" असं म्हटलं की हळूहळू एकट्या सासूबाई उरतात. आमच्याकडे तसंच झालं. आठवड्यातला एक वार तरी असा ठेवा की सगळ्यांनी असायचंच, मग आभाळ कोसळो.

नगरी_बाणा

सहमत. आमचा रविवार तसाच आहे.

जन्माने_ख्रिस्ती

ताई, तो पहिला नियम वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याकडेच असतात. त्यांनाही आता वाचता येत नाही. मध्यंतरी एका संध्याकाळी म्हणाले, तू वाच. मी वाचलं. माझा विश्वास आहे म्हणून वाचलं असं म्हणणार नाही, त्यांना ऐकायचं होतं म्हणून वाचलं. नंतर त्यांनी प्रार्थना केली, जुन्या सवयीने मी मान खाली घालून वाट बघत होतो की आता माझा नंबर येणार. नाही आला. त्यांनी नुसते आभार मानले, आवाजाबद्दल. म्हणाले, "वाचून दाखवणारा आवाज दिलास." तेवढंच.

तेव्हापासून अधूनमधून वाचतो. यापुढे काय, ते मला माहीत नाही.

कोंढव्याची_आजी

वाचत राहा बाबा. पुढचं पुढे.

वडगावशेरीची

@जन्माने_ख्रिस्ती, लिहिलंत हे फार बरं केलंत.

@कॅम्पातली, शनिवार ठरवला. त्या दिवशी नवरा घरी लवकर येतो.

एक मदत हवी आहे. सासूबाईंना मोठ्या टायपातलं मराठी पवित्र शास्त्र मिळालं तर त्या स्वतः वाचायचा प्रयत्न करू म्हणतात. कुणाकडे जास्तीची प्रत आहे का? मुलाने फोनवर अक्षर मोठं करून दिलं होतं, पण त्यांचं बोट लागलं की पान पळतं.

निवृत्त_मास्तर

आमच्याकडे आहे. सौ.साठी घेतली होती, ती आता ऐकणंच पसंत करते. पुठ्ठा जरा सुटलाय, आतलं सगळं शाबूत आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारच्या आत पोचती करतो.

बारावीवाला

ताई, दादाला सांगा प्रेषितांची कृत्ये १२ पासून सुरू कर. मास्तरांनी सांगितलेलं मी काल वाचलं, सोपं आहे, फक्त चौथ्या वचनापाशी जपून.

वडगावशेरीची

मास्तर, व्यनि केला आहे. बारावीवाल्या, निरोप पोचवला. शनिवारी तोच वाचणार आहे.